गाडी कलंडते कधी?
रानवाटेची गाडी : लेखांक 6

गेल्या आठवड्यात आपण समोरचा चढ पाहिला. तो जमला नाही, तर रिव्हर्स टाकून सरळ खाली येता येतं. डोंगराच्या अंगावरून आडवं जाताना ही सोय नसते. दोन चाकं वर, दोन खाली, आणि चूक झाली तर गाडी थेट कुशीवर. म्हणून अशा आडव्या उतारावर उतरण्याआधीच एक हिशेब माहीत हवा.

गाडीचं सगळं वजन जणू एका बिंदूत साठलं आहे असं मानतात, तो गुरुत्वमध्य. त्या बिंदूतून गवंड्याचा ओळंबा सोडला आहे अशी कल्पना करा. ओळंबा वरच्या आणि खालच्या चाकांच्या मध्ये पडतो तोवर गाडी उभी राहते. तो खालच्या चाकांच्या पलीकडे गेला की कलंडते. त्यामुळे प्रश्न दोनच मापांचा उरतो : डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची. अंतराच्या निम्म्याला उंचीने भागायचं. हा भागाकार बहुतेक मोटारींत 1.3 ते 1.5 येतो, तर उंच एसयूव्हींमध्ये 1 ते 1.3. अमेरिकेतली सरकारी वाहन-सुरक्षा संस्था 2001 च्या मॉडेलांपासून उलटण्याच्या धोक्याचे तारे याच आकड्यावरून देऊ लागली.

थारच्या आकाराची जीप घेऊ. चाकांमधलं अंतर दीड मीटर, म्हणजे निम्मं 75 सेंटिमीटर. गुरुत्वमध्य जमिनीपासून 70 सेंटिमीटरवर आहे असं धरू. भागाकार 1.07, आणि त्यावरून निघणारा कलंडण्याचा कोन सुमारे 47 अंश. हा आकडा ऐकून हुरूप येतो, कारण 47 अंशांची धार पायी चढायलाही आपल्याला हात टेकावे लागतात. पण हा कोन कागदावरच्या गाडीचा आहे. ती लाकडी ठोकळ्यासारखी ताठ आहे, रिकामी आहे आणि जागेवर उभी आहे.

खऱ्या गाडीला स्प्रिंगा आहेत. उतारावर खालच्या बाजूच्या स्प्रिंगा आणि टायर दबतात, बॉडी खाली झुकते आणि गुरुत्वमध्यही तिकडेच सरकतो. यात तीन-चार अंश सहज जातात. आता टपावरच्या कॅरिअरवर तंबू, पाण्याचे कॅन, जादा टायर असं 100 किलो सामान चढवा. गाडी 1,700 किलोची आणि टप 1.9 मीटरवर धरला, तर गुरुत्वमध्य जवळजवळ 7 सेंटिमीटर वर चढतो आणि आणखी अडीच अंश जातात. वडापच्या जीपच्या टपावर माणसं बसतात तेव्हा हेच घडतं, फक्त कित्येक पटींनी. आपल्या जीपचे 47 अंश गाडी हलण्याआधीच 41 च्या आसपास आले.

आता ती 20 अंशांच्या आडव्या उतारावर चालवू. खालची दोन्ही चाकं 20 सेंटिमीटर खोल चाकोरीत उतरली, तर दीड मीटरच्या अंतरावर कलात पावणेआठ अंशांची भर पडते. तेवढ्यात ड्रायव्हरने घाबरून ताशी 15 किलोमीटर वेगात स्टीअरिंग चढाच्या बाजूला वळवलं. वळणाची त्रिज्या 8 मीटर असेल, तर गाडी उताराच्या दिशेने बाहेर फेकली जाते आणि परिणाम साडेबारा अंश जास्त कलल्यासारखा होतो. बेरीज करा : 40 च्या पुढे. उतार 20 चाच होता.

लष्करं हे जाणून असतात. अमेरिकी सैन्याची हम्वी बुटकी आणि रुंद आहे, तरी तिला आडव्या उताराची मर्यादा 40 टक्के दिलेली आहे. टक्के आणि अंश यांत इथे अनेकांची गल्लत होते. 100 टक्के उतार म्हणजे 45 अंश, आणि 40 टक्के म्हणजे जेमतेम 22.

पावसाळ्यात सह्याद्रीतल्या तांबड्या चिखलात गोष्ट आणखी वेगळी होते. पकड कमी असल्याने गाडी कलंडण्याआधी घसरते. घसरणं त्यातल्या त्यात बरं, असं वाटू शकतं. पण घसरती गाडी दगडाला, बुंध्याला किंवा बांधाला अडली की खालची चाकं जागीच थांबतात आणि वरचा भार पुढे जात राहतो. मग कागदावरचा कोणताच कोन कामाला येत नाही.

म्हणून आडव्या उताराचा पहिला नियम म्हणजे तो टाळणे. शक्य तिथे सरळ वर किंवा सरळ खाली जा. आडवं जावंच लागलं तर आधी उतरून वाट पायी पाहा. टपावरचं जड सामान खाली घ्या, लो रेंजमध्ये अगदी हळू चला, सीटबेल्ट बांधा आणि हात खिडकीच्या आत ठेवा. वरची चाकं हलकी झाल्यासारखी वाटली, तर स्टीअरिंग उताराकडे वळवून हलका अ‍ॅक्सलरेटर द्या. मन नेमकं उलटं करायला सांगतं, म्हणून हे सरावाने अंगवळणी पाडावं लागतं. काही गाड्यांच्या पडद्यावर कल अंशांत दिसतो. तो 20 च्या पुढे गेला की थांबा. उरलेले अंश चाकोरीसाठी, दगडासाठी आणि स्वतःच्या चुकीसाठी राखून ठेवायचे असतात.