किती जीबीचं देऊ?

मेमरी कार्ड घ्यायला गेलं की दुकानदाराचा हा पहिला प्रश्न. गिऱ्हाईक पाकीट चाचपून उत्तर देतं. चाचपायला हवा खरं तर कॅमेरा!

डिजिटल फोटो साठवायचे कशात, ही डोकेदुखी कॅमेऱ्याइतकीच जुनी. कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तेव्हा फोटो चक्क कॅसेटच्या टेपवर उतरायचे. एक कृष्णधवल फोटो, २३ सेकंद. १९९१ साली कोडॅकनेच व्यावसायिक छायाचित्रकारांसाठी कॅमेरा आणला, त्याची २०० एमबीची हार्ड डिस्क वेगळ्या पेटीत, खांद्याला अडकवून हिंडायची. जागा जेमतेम १५६ फोटोंची. १९९७च्या सोनी माविकात तर साधी फ्लॉपी सरकवायची. आजचा ३० एमबीचा एक रॉ फोटो ठेवायला तसल्या वीसेक फ्लॉप्या लागतील.

म्हणूनच आधी फाइलचं वजन बघावं. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातला चांगल्या दर्जाचा जेपेग साधारण १० एमबीचा. म्हणजे ६४ जीबीत सहा हजारांच्या आसपास फोटो. हळदीपासून वरातीपर्यंत अख्खं लग्न आरामात मावेल. तेच रॉमध्ये काढले तर दोनेक हजार. आणि व्हिडिओ? सेकंदाला १०० मेगाबिटचं फोर-के चित्रीकरण तासाला ४५ जीबी गिळतं. मंगलाष्टकं, सप्तपदी आणि वर पाहुण्यांची भाषणं असतील तर ६४ जीबीचा नाद सोडाच.

६४चं कार्ड संगणकाला लावलं की ५९.६च दिसतं. दुकानदारावर संशय घेऊ नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या. बाकी सगळा हिशेबाचा खेळ.

खरी गंमत जुन्या कॅमेऱ्यांची. २००५च्या आसपासचे चिमुकले कॅमेरे कॉलेजच्या पोरापोरींनी कपाटातून पुन्हा बाहेर काढलेत. त्यांच्यासाठी हौसेने १२८ जीबीचं कार्ड आणलं तर ते खाचेत अगदी झोकात बसतं आणि पडद्यावर झळकतं ‘कार्ड एरर’! कारण आकार तोच राहिला, पिढ्या बदलल्या. नुसतं एसडी २ जीबीपर्यंत, एसडीएचसी ३२पर्यंत, एसडीएक्ससी २ टीबीपर्यंत. नवा कॅमेरा जुनं कार्ड सहसा चालवून घेतो, जुन्याला नवं झेपत नाही. तेव्हा आजोबा कॅमेऱ्याला २ जीबीचंच कार्ड शोधा. मिळायला मात्र तेच अवघड.

कार्डावर ठळक छापलेला १७० किंवा २०० एमबीचा वेग बहुधा वाचण्याचा असतो. फोटो काढताना कामाला येतो तो लिहिण्याचा. तो हवा असेल तर बारीक अक्षरातला व्ही३० शोधावा: सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याची हमी. ताडोबात वाघ रस्ता ओलांडतोय, तुम्ही बटण दाबून धरलंय आणि कॅमेरा मागचेच फोटो कार्डात कोंबत बसलाय. अशा वेळी हजार जीबी असूनही उपयोग शून्य.

माझं मत विचाराल तर २५६चं एक घेण्यापेक्षा ६४ची चार बरी. सगळं वऱ्हाड एकाच गाडीत कशाला?

 

आणि हो, ५१२ जीबी कवडीमोलाने मिळालं तर हुरळू नका. बनावट कार्डाची चिप आपला आकार बेधडक फुगवून सांगते. खरी जागा संपली तरी फोटो ‘साठतच’ राहतात, घरी आल्यावर मात्र उघडत नाहीत. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्रॅम कार्ड काठोकाठ भरून परत वाचून बघतो. मोठ्या कार्डाला यात काही तास जातात. जाऊ द्यावेत, आणि तोवर बिल जपून ठेवावं.