स्लोला मशीन मिसिंग मारतंय? स्क्रू पिळण्याआधी हे ऐका

(या भागाचा लेखी मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसंच्या तसं.)

मालवणच्या एका श्रोत्याने व्हॉइस नोट पाठवलीय. पाठीमागे लाटांचा आवाज, आणि त्यात ओबीएम, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला लावतात ते आउटबोर्ड मशीन. आवाज असा: फट-फट... फट... फटफट... आणि बंद. प्रश्न एका ओळीचा: "फुल्ल रेसला मस्त पळतंय, स्लोला आणलं की मरतंय. काय करू?"

चालवताना मजा येतेय म्हणून हे दुखणं बरेच जण अंगावर काढतात. पण मशीन स्लोला कधी आणतो आपण? जेटीला लागताना. खाडीच्या मुखात, दोन लाटांमधली फट बघून आत शिरताना. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे, भरती-ओहोटीच्या ओढीत, मशीन बंद पडलं तर दोरी ओढायला पाच-सहा सेकंद मिळतात. तेवढ्यात होडी लाटेला आडवी होते. जिथे मशीन सगळ्यात जास्त लागतं, तिथेच ते दगा देतं.

मग फुल्लला चालतं आणि स्लोला का नाही? कार्बोरेटरमध्ये पेट्रोल जायच्या वाटा वेगवेगळ्या असतात. रेस दिली की मेन जेटमधून भरपूर पेट्रोल येतं. स्लोला मात्र सगळा भार एका बारीक भोकावर, स्लो जेटवर. ते भोक सुईच्या टोकाएवढं. जुनं पेट्रोल सुकून त्याचा चिकट थर बसला की आधी तेच बुजतं. मेन जेट मोठा, त्याला फरक पडत नाही. म्हणून "फुल्लला ओके, स्लोला खोकतंय" ऐकलं की कुणीही मेकॅनिक आधी कार्बोरेटरकडे बोट दाखवतो.

बोट बरोबर दाखवतो, पण तो खोलायची घाई नको. आधी फुकटातल्या गोष्टी बघा.

पहिली गोष्ट, पेट्रोल. टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढा आणि अर्धा तास हलवू नका. खाली वेगळा थर किंवा पाण्याचे थेंब दिसले तर तपास इथेच संपला. आजकाल पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी विरघळून जातं, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल दोन्ही मिळून तळाला बसतात. टाकीतली नळी पेट्रोल ओढते कुठून? तळातूनच! दमट किनाऱ्यावर अर्धी टाकी पावसाळाभर ठेवून दिली, तर सिझनच्या पहिल्या दिवशी मशीन खोकणारच. असलं पेट्रोल नव्यात मिसळून "खपवू" नका. टाकी आणि फिल्टर दोन्ही साफ करा.

दुसरी, हवा. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना? हसू नका, तो बंद राहिल्याने बंद पडलेल्या होड्या कमी नाहीत. तिसरी, नळीवरचा रबरी बल्ब. त्यावरचा बाण मशीनकडे हवा. दाबून दाबून तो कडक व्हायला हवा. होतच नसेल तर कुठेतरी हवा शिरतेय: क्लिप सैल, नळीला चीर, नाहीतर बल्बच्या आतला व्हॉल्व्ह गेलेला. चालू असताना बल्ब चपटा होत असेल तर टाकीकडून वाट अडलीय.

आता एक छान युक्ती. मशीन अडखळायला लागलं की दुसऱ्याला बल्ब हलके दाबत राहायला सांगा. तेवढ्याने सुधारलं, तर पेट्रोल पोचत नाहीये. फ्युएल पंपाचा पडदा आणि नळ्या तपासा. काहीच फरक नाही? मग प्लगकडे चला.

प्लग काढून शेजारी शेजारी ठेवा. तपकिरी असेल तर ठीक. काळा आणि ओला असेल तर पेट्रोल-ऑइल जास्त जातंय किंवा ठिणगीच पडत नाहीये. दोनमधला एकच धुतल्यासारखा लख्ख असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जात असण्याची शक्यता आहे, ते काम मेकॅनिकचं. टू-स्ट्रोकवाल्यांनी ऑइलचं मापही बघा. पुष्कळ मशीनना ५०:१ लागतं, म्हणजे लिटरला २० मिली. अंदाजपंचे ओतलं की प्लग काळे होतात. तुमच्या मॉडेलचं नेमकं माप पुस्तिकेत मिळेल.

कुठला सिलिंडर मेलाय हे शोधायला काही जण चालू मशीनवर प्लगची टोपी हाताने उपटतात. कृपा करून करू नका. झटका जबरदस्त असतो, आणि लोंबणाऱ्या टोपीची ठिणगी पेट्रोलच्या वाफेला पुरते. मशीन बंद करून मध्ये स्पार्क टेस्टर लावा, मग चालू करा.

हे सगळं जमिनीवर करताना मशीन कोरडं चालवायचं नाही, अगदी मिनिटभरही नाही. पाण्याच्या पंपातला रबरी पंखा जळतो. पिंपात बुडवा किंवा नळाचे रबरी कप लावा, आणि पाण्याची पिचकारी बाहेर पडतेय ना ते बघत राहा.

एवढं होऊनही खोकत असेल तर मग कार्बोरेटर. उघडा, जेट काढा, क्लीनर मारा, हवेने फुंका. जेटमध्ये तार घालू नका. भोक केसभर मोठं झालं तरी मिश्रण कायमचं बिघडतं.

आणि तो स्क्रू! स्लोला मरतंय म्हणून आयडल स्क्रू पिळून रेस वाढवायची, हा किनाऱ्यावरचा सगळ्यात लाडका उपाय. मला तो अजिबात पटत नाही. दुखणं आत तसंच राहतं. वर न्यूट्रलमधून गिअर टाकताना खाडकन आवाज येतो, तो क्लचचे दात झिजल्याचा. आणि जेटीजवळ होडी हळू करायची तर ती उडी मारते, समोर पोहणारी पोरं असतात. स्लोचा आरपीएम पुस्तिकेत दिलेला असतो. तो लावायचा, पण शेवटी, मशीन गरम झाल्यावर आणि होडी पाण्यात असताना. कपावर चालवताना एक्झॉस्टला पाण्याचा दाब नसतो, गिअरचा भारही नसतो. म्हणूनच "घरी मस्त होतं, पाण्यात मेलं" असं होतं.

ज्यांचं मशीन फोर-स्ट्रोक इंजेक्शनवालं आहे, त्यांच्यासाठी पेट्रोल, बल्ब, प्लग इथपर्यंत सगळं तेच. पुढे सेन्सर आणि कॉम्प्युटर, तिथे घरगुती हात नको. सगळं करून थकलात तर कॉम्प्रेशन मोजून घ्या. दोन सिलिंडरमध्ये मोठा फरक निघाला तर जेट कितीही धुतले तरी उपयोग नाही.

व्हॉइस नोटवाल्या दादा, आधी बाटली भरून ठेवा आणि तळाचा फोटो पाठवा. पुढचं त्यावर बोलू.