पाण्याला वाट द्या

खेड्यात भावकीचं भांडण बांधावरून होतं आणि शेजाऱ्यांचं नालीवरून. बांधाचं भांडण निदान कोर्टात तरी जातं. नालीचं भांडण कुठंच जात नाही. ते दोन घरांच्या मधोमध वास मारत पडून राहतं. ही ऐकीव गोष्ट नव्हे. हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यातल्या आमच्या साखऱ्यात, माझं आणि शेजारच्या अण्णांचं बोलणं दोन पावसाळे बंद होतं, ते एका नालीपायी. म्हणून श्रोतेहो, आज कविता बाजूला ठेवून नालीवर बोलतो.

माझ्या न्हाणीचं आणि स्वयंपाकघरातल्या मोरीचं पाणी चार इंची पाइपातून निघतं, अण्णांच्या भिंतीकडेनं जातं आणि पुढं त्यांच्या पाण्याला मिळून गल्लीतल्या नालीला लागतं. पाणी साचायचं ते नेमकं त्यांच्या दारासमोर. अण्णा म्हणायचे, "भाई, तुमची मोरी साफ करून घ्या." मी म्हणायचो, "अण्णा, पाणी तुमच्या दारात साचतंय, मग घाण माझी कशी?" शब्दानं शब्द वाढला. त्या वर्षी ईदचा शीरखुर्मा त्यांच्याकडं गेला नाही आणि दिवाळीचा फराळ आमच्याकडं आला नाही.

शेवटी माझ्याच न्हाणीत घोटाभर पाणी उभं राहिलं. दुकानातून नाली मोकळी करायची पावडर आणून रात्री ओतली. सकाळपर्यंत काही फरक पडला नाही, म्हणून ही कामं करणाऱ्या एका पोराला बोलावलं. त्यानं चेंबरचं झाकण काढलं, बाही वर सारली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. पावडरीचं त्याला सांगायचं मी विसरलो. हात बाहेर आला तेव्हा मुठीत मेणासारखा पांढरट गोळा होता. त्यात केस, चहाची पत्ती, भाताची शितं, शाम्पूच्या रिकाम्या पुड्या. तासाभरात त्याचा हात कोपरापर्यंत लाल झाला, दुसऱ्या दिवशी कातडी सोलली गेली. मी दवाखान्यात चल म्हणालो, तर म्हणाला, "काही नाही चाचा, सवय आहे."

अण्णांचं पाणी जिथं मिळतं, त्याच्या अलीकडं हा बोळा बसला होता. पुढं वाट नाही म्हणून पाणी पाइपाच्या सांध्यातून झिरपून त्यांच्या दारात निघत होतं. म्हणजे घाण सगळी माझ्या घरची होती, आणि ती काढताना हात मात्र दुसऱ्याचा भाजला.

त्यानंतर मी हा विषय नीट समजून घेतला. नाली एका दिवसात तुंबत नाही. रश्शावरचा तवंग, डालडा, मटणाची चरबी हे गरम असताना पातळ असतं, मोरीतून सहज वाहून जातं. आपल्याला वाटतं, गेलं. पण जमिनीखालच्या थंड पाइपात ते थिजतं आणि आतून चिकटतं. त्यावर केस अडकतात, केसात पत्ती आणि शितं अडकतात. त्यात आपल्या भागातलं बोअरचं पाणी क्षाराचं. अशा पाण्यात साबणाला फेस कमी येतो आणि साका जास्त धरतो. बादलीच्या आतल्या अंगाला जो पांढरा थर बसतो, तोच पाइपातही बसतो. चार इंचाचा पाइप दोन इंचाचा होतो, आणि मग एक शाम्पूची पुडी पुरते.

हे खेड्यातच घडतं असं नाही. २०१७ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागात जमिनीखालच्या गटारात चरबी आणि कचऱ्याचा असाच गोळा सापडला. त्याची लांबी अडीचशे मीटर आणि वजन एकशे तीस टनांच्या घरात. तो काढायला कित्येक आठवडे लागले आणि त्याचा एक तुकडा २०१८ मध्ये तिथल्या संग्रहालयात लोकांना बघायला ठेवला. तिथंही घरोघरच्या मोरीतूनच हे सुरू झालं होतं.

दुसरं कारण पाण्याचं. माझी अम्मी आडावरून डोक्यावर घागर आणायची. तेव्हा सांडायलाच पाणी नव्हतं. मोरीचं पाणी परसात अळूला आणि केळीला जायचं, भांडी राखेनं निघायची. जल जीवन मिशन २०१९ साली सुरू झालं. माणशी रोज ५५ लिटर पाणी नळानं द्यावं, हे त्याचं माप. पाच माणसांच्या घरात ते २७५ लिटर होतं. पिण्यात, स्वयंपाकात जातं ते थोडंच. दोनशे लिटरच्या आसपास पाणी रोज मोरीतून बाहेर पडणार. पाणी घरात आणण्याचा विचार आपण केला, पण ते बाहेर नेण्याचा तेवढा केला नाही. अम्मी म्हणायची, "पानी कू रस्ता देव, नईं तो आपीच बना लेता." माझ्या पाण्यानं अण्णांच्या दारातून रस्ता काढला होता.

आता नाली तुंबली तर काय करावं, ते क्रमानं सांगतो.

आधी बोळा कुठं आहे ते शोधा. घरापासून नालीपर्यंतच्या चेंबरांची झाकणं एकेक करून उघडा. एक चेंबर भरलेलं आणि त्याच्या पुढचं कोरडं दिसलं, तर बोळा त्या दोघांच्या मधे आहे. पहिलंच चेंबर कोरडं असेल तर दोष घरात, मोरीच्या तोंडाशी किंवा ट्रॅपमध्ये आहे. एवढं केलं तरी निम्मी भांडणं मिटतात. आम्ही हे केलं असतं तर दोन पावसाळे वाया गेले नसते.

मोरीच्या तोंडाशी बहुधा केसच असतात. जाळी काढा, तारेला आकडा करून ते ओढून घ्या. आत ढकलू नका. सिंकच्या खालचा ट्रॅप हातानं फिरवून निघतो. खाली बादली ठेवून तो काढावा, धुवावा, परत बसवावा. हा ट्रॅप म्हणजे पाइपाचा वाकडा भाग, त्यात पाणी थांबून राहतं. १७७५ साली अलेक्झांडर कमिंग यांनी लंडनमध्ये पाण्याच्या संडासासाठी अशा वळणाचं पेटंट घेतलं. त्या थांबलेल्या पाण्यामुळं नालीचा वास घरात येत नाही. म्हणून वापरात नसलेल्या न्हाणीतून वास आला तर आधी तिथं तांब्याभर पाणी ओता. पुष्कळदा ट्रॅपमधलं पाणी आटलेलं असतं, एवढंच.

एवढ्यानं भागलं नाही तर रबरी पंप आणा, लाकडी दांड्याचा. त्याचं रबर बुडेल इतकं पाणी मोरीत असू द्या. जवळची दुसरी भोकं ओल्या फडक्यानं बंद करा, नाहीतर सगळा जोर तिकडून निघून जातो. मग वीसेक वेळा दाबा आणि ओढा. दाबण्याइतकंच ओढणंही महत्त्वाचं, कारण त्यानं बोळा हलून सुटतो. पाइप लांब असेल तर वेळूची कामटी किंवा स्प्रिंगची तार कोरड्या चेंबरकडून, म्हणजे खालच्या बाजूनं घाला. वरून ढकललं तर बोळा आणखी घट्ट बसतो. खालून सोडवला तर पाणीच त्याला बाहेर लोटतं, मात्र तेव्हा तोंड बाजूला ठेवा. शेवटी गरम पाणी ओता. ते अगदी उकळतं नको, कारण प्लॅस्टिकचा पाइप उकळत्या पाण्यानं मऊ पडतो.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर घातलं की फसफसतं आणि काम होतंय असं वाटतं. पण ती दोन्ही एकमेकांचा जोर मारतात. चरबीवर किंवा केसांवर त्यांचा फारसा इलाज चालत नाही. दुकानातली पावडर म्हणजे बहुतेक वेळा कॉस्टिक सोडा. तो चरबीचा साबण करतो हे खरं, पण पाणी लागताच तापतो आणि कातडी जाळतो. डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर तर कधीच एकत्र करू नका. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो, आणि बंद न्हाणीत तो जीवावर बेतू शकतो. पावडर घातलीच असेल, तर कामाला येणाऱ्या माणसाला दारातच सांगा. माझं जे विसरलं, ते तुमचं विसरू नये म्हणून हे मुद्दाम सांगतो.

संडासाची टाकी ही मात्र वेगळी गोष्ट आहे. तिला कामटी लावायची नाही आणि तिच्यात माणूस उतरवायचा नाही. आत विषारी वायू असतात. एक माणूस आत कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही वर येत नाहीत. २०१३ च्या कायद्यानं सुरक्षा साधनांशिवाय टाकीत किंवा गटारात माणूस उतरवणं गुन्हा ठरवलं आहे. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली दहा लाख रुपये ठरवली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. तरीही बातम्या थांबलेल्या नाहीत. टाकी उपसायला पंपाची गाडीच बोलवावी. थोडे पैसे जास्त जातील, पण घर कुणाचं उघडं पडणार नाही.

पण हे सगळं नाली तुंबल्यावरचं झालं. ती तुंबूच नये म्हणून काय करावं? खरकटं ताट आधी डब्यात झाडा, मग धुवा. तेलकट कढई कागदानं पुसा. कुर्बानीच्या किंवा लग्नाच्या पंगतीनंतर चरबी आणि उरलेलं तेल मोरीत सोडू नका. थंड होऊ द्या आणि उकिरड्यात पुरा. चहाची पत्ती झाडाच्या बुडाशी टाका. न्हाणीच्या तोंडाला बारीक जाळी बसवा. पुड्यांसाठी न्हाणीतच खिळ्याला एक पिशवी टांगा. नवा चार इंची पाइप टाकताना दर दहा फुटांना तीन इंच उतार धरा आणि प्रत्येक वळणावर चेंबर ठेवा. गवंडी घाईत असतो, म्हणून उतार आपण उभं राहून मापून घ्यावा.

आणि शेवटी हे पाणी जातं कुठं? गल्लीतली उघडी नाली तुंबली की तिच्यात डास होतात. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, पण नालीच्या घाण पाण्यात वाढणारा डास हत्तीरोग पसरवतो. यावरची वाट आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यानं दाखवली. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावानं सरपंच प्रल्हाद पाटील यांच्या पुढाकारानं घरोघर शोषखड्डे केले आणि सांडपाणी रस्त्यावर येणं बंद केलं. पुढं रोजगार हमीची जोड मिळून ही रीत जिल्हाभर गेली आणि 'नांदेड पॅटर्न' म्हणून ओळखली जाऊ लागली.

खड्डा चार फूट लांब, चार फूट रुंद आणि चार फूट खोल. मधोमध सिमेंटची छोटी टाकी, तिला वरच्या अंगाला भोकं. भोवती खाली मोठे दगड, वर लहान दगड, त्यावर खडी. पाणी आधी टाकीत येतं, गाळ तळाला बसतो आणि वरचं पाणी भोकांतून दगडात आणि तिथून जमिनीत मुरतं. वरून पोत्याचं आच्छादन आणि माती. टाकीचं झाकण काढून अधूनमधून गाळ उपसला की खड्डा पुष्कळ वर्षं चालतो. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी पीत नाही, म्हणून मुरूम लागेपर्यंत खणा. आणि आड किंवा बोअर असेल तिथून खड्डा लांब घ्या. संडासाचं पाणी त्यात सोडू नका.

त्या पोराचा हात भाजला त्याच दिवशी संध्याकाळी मी अण्णांच्या ओट्यावर गेलो. म्हणालो, "अण्णा, घाण माझ्याच घरची होती." अण्णा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "बसा, चहा टाकायला सांगतो." पुढं शोषखड्ड्याची गोष्ट निघाली. माझ्या अंगणात जागा नव्हती. अण्णा म्हणाले, "माझ्या अंगणात घ्या. पाणी काय दोघांचं वेगळं आहे का?" दगड मी आणले, खड्डा आम्ही दोन्ही घरच्या पोरांनी मिळून खणला. मुरूम साडेतीन फुटांवर लागला.

आता महिन्यातून एकदा चेंबरचं झाकण मी स्वतः उघडतो, रबरी हातमोजे घालून. पहिल्यांदा लाज वाटली, मग गेली. तो पोरगा अजून दिसतो. त्याला मोज्यांचा एक जोड दिला, तेव्हा तो हसला. हात बरा झाला आहे, पण मनगटाजवळ डाग राहिला आहे.

श्रोतेहो, हे ऐकून झालं की एकदा आपल्या मोरीची जाळी उचलून बघा. आत काय अडकलंय ते दुसऱ्या कुणाला दिसायच्या आधी आपणच काढून टाका.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)