काटवट माळ्यावर टाकण्याआधी

सोलापूर-धुळे हमरस्त्यावरच्या आमच्या तेरखेड्याचं नाव बाहेरगावी निघतं ते फटाक्यांमुळे. गावातल्या स्वयंपाकघरांत मात्र एक मोठा बदल झाला, तो अगदी न वाजता आणि न धूर करता. ओटा आला, गॅस आला, आपण उभ्याने स्वयंपाक करू लागलो. मग बसून चिरायची विळी कोपऱ्यात गेली आणि तिच्या जागी सुरी आणि भाजी चिरायची फळी आली. बाभळीची काटवट माळ्यावर गेली, लाकडी चाटू आणि डाव गेले, आणि दारावरच्या हातगाडीवरून निळी, हिरवी, गुलाबी प्लॅस्टिकची चीजवस्तू घरात आली. हलकी, स्वस्त आणि दिसायला चकाचक!

पण भगिनींनो, दिसतं तसं नसतं. 'लाकूड म्हणजे घाण, प्लॅस्टिक म्हणजे स्वच्छ' ही समजूत कितपत खरी, ते एकदा पाहायलाच हवं. प्रश्न नुसत्या हौसेचा नाही. घरातल्या लहान मुलांच्या पोटाचा आणि आपल्या पैशाचाही आहे.

शास्त्र काय सांगतं?

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लिव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा कसून अभ्यास केला आणि १९९४ साली तो प्रसिद्ध केला. खरं तर लाकडी फळ्या प्लॅस्टिकइतक्या निर्धोक कशा करता येतील, हे शोधायला ते निघाले होते. हाती आलं ते वेगळंच. लाकडावर टाकलेले रोगजंतू थोड्या वेळात वरच्या पृष्ठभागावर सापडेनासे झाले. लाकूड ओल शोषतं, ओलीबरोबर जंतू आत ओढले जातात आणि लाकूड सुकलं की ते तिथेच हळूहळू मरतात. शाळेत मुलींना मी हे टीपकागदाचं उदाहरण देऊन सांगते, म्हणजे चटकन कळतं.

नवी प्लॅस्टिकची फळी हाताने सहज स्वच्छ होते. पण सुरीचे चरे पडले की त्या चऱ्यांत जंतू दडून बसतात आणि हाताने घासून ते निघता निघत नाहीत. थोडक्यात, नवं प्लॅस्टिक चांगलं, चरे पडलेलं वाईट. आणि लाकूड जुनं झालं तरी चालतं, पण ते कोरडं राहिलं तरच. लाकूड धुवायलाच नको, असा याचा अर्थ कुणी काढू नये, बरं का!

दुसरी गोष्ट चुऱ्याची. अमेरिकेतल्याच नॉर्थ डाकोटा राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली असा अंदाज मांडला, की पॉलिथिलीनच्या फळीवर रोज चिरलं तर वर्षाकाठी माणशी साधारण ७ ते ५० ग्रॅम प्लॅस्टिकचे बारीक कण अन्नात जाऊ शकतात. लाकडी फळीचेही कण निघतात, किंबहुना संख्येने जास्तच, पण ते लाकडाचे असतात. उंदराच्या पेशींवरच्या सुरुवातीच्या चाचणीत या प्लॅस्टिकच्या कणांचा ठळक दुष्परिणाम दिसला नाही, म्हणून घाबरून जायचं कारण नाही. तरी जे टाळता येतं ते का टाळू नये?

उकळत्या आमटीत कोण?

पळी, उलथणं, चाटू यांच्या बाबतीत निवड सोपी आहे. उकळतं पाणी १०० अंशांवर असतं आणि तळणाचं तेल १७०-१८० अंशांपर्यंत जातं. काळ्या नायलॉनच्या पळ्या-उलथणी ७० अंशांपुढच्या गरम अन्नात फार वेळ ठेवू नयेत, असा सल्ला जर्मनीच्या सरकारी संस्थेने २०१९ साली दिला, कारण त्यातली काही द्रव्यं अन्नात उतरतात. मग कढईत टेकवून ठेवलेल्या, टोक वितळून वाकड्या झालेल्या उलथण्याबद्दल काय बोलावं! ते सरळ टाकून द्यावं. पुरण आटवायला, पिठलं घाटायला लाकडी चाटूसारखं दुसरं साधन नाही. तो तापत नाही, वितळत नाही आणि कल्हईच्या किंवा न चिकटणाऱ्या भांड्यावर ओरखडे काढत नाही.

लाकूड घेताना

आठवडी बाजारात किंवा जत्रेत पोळपाट-लाटणं घेताना एवढं पाहा:

• लाकूड घट्ट आणि वजनदार हवं. बाभूळ, शिसम, साग चांगले. आंब्याचं हलकं आणि स्वस्त, पण लवकर झिजतं.

• एकसंध लाकडाचं घ्या. गोंदाने जोडलेले तुकडे पाण्याने सुटतात. प्लायवूडची फळी तर चिरायला नकोच.

• गाठी, भेगा, किडीची भोकं नकोत. ओला पांढरा रुमाल घासून पाहा, रंग उतरला तर ती वस्तू परत ठेवा. खायच्या वस्तूला चकचकीत रंगरोगण कशाला?

• लाटणं सपाट जागेवर गडगडवून पाहा. वाकडं असेल तर लगेच कळतं.

प्लॅस्टिकची फळी घ्यायचीच असेल तर मागे त्रिकोणात २ किंवा ५ हा आकडा आहे का ते बघा. काहीच छापलेलं नसेल आणि उग्र वास येत असेल, तर स्वस्त म्हणून मोहात पडू नका.

थोड्या पाण्यात स्वच्छता

आपल्या भागात पाण्याचा हिशेब आधी करावा लागतो. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते दिवस कोण विसरेल? म्हणून ही पद्धत कमी पाण्याची.

काटवटीला लागलेलं ज्वारीचं पीठ वाळायच्या आत उलथण्याने कोरडंच खरवडून काढा. मग तांब्याभर गरम पाणी, थोडा साबण आणि काथ्याची घासणी. निथळून, पुसून लगेच उभी करून ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंना वारा लागेल. आडवी ठेवली की खालची बाजू ओली राहते आणि पावसाळ्यात बुरशी धरते. कोवळं ऊन चालेल, पण वैशाखातल्या दुपारच्या उन्हात लाकूड तडकतं. आणि लाकूड पाण्यात बुडवून ठेवायचं नाही. माझ्या धाकट्या जावेने एकदा काटवट रात्रभर बादलीत टाकली, तेव्हा आमच्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, ती काय हरभऱ्याची डाळ हाय भिजत घालायला?" त्या काटवटीला पडलेली भेग अजून आहे.

कांदा-लसणाचा वास बसला तर जाडं मीठ पसरून लिंबाच्या फोडीने चोळा आणि धुऊन टाका. प्लॅस्टिकवर बसलेला हळदीचा पिवळा डाग साबणाने जात नाही, थोडा वेळ उन्हात ठेवला की फिका होतो.

महिन्यातून एकदा कोरड्या लाकडाला तेलाचा हात द्या. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन सगळ्यांत बरं. ते नसेल तर खोबरेल अगदी पातळ लावून पुसून काढा. शेंगदाण्याचं तेल खवट होतं आणि करडईचं वाळून चिकट थर धरतो.

मटणाची फळी वेगळी

घरात मटण, कोंबडी, मासळी होत असेल तर त्याची फळी आणि सुरी वेगळीच हवी. कच्ची कोंबडी कापलेल्या फळीवर लगेच कोशिंबिरीची काकडी चिरणं, हे पोरांच्या जुलाबाला आमंत्रण आहे. कोंबडी शिजते, तिच्यातले जंतू मरतात. काकडी कच्चीच पोटात जाते. या फळीला आधी साबणाने धुवा. मग सुमारे चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा बिनवासाचं ब्लीच घालून ते पाणी काही मिनिटं तिच्यावर राहू द्या, स्वच्छ पाण्याने धुवा आणि कोरडी करा. ब्लीचमध्ये लिंबू, व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

आपल्या गावापुरती आणखी एक गोष्ट. गंधक, ॲल्युमिनियमची पूड यांचं काम करून घरी आलेल्या बायकांनी कपडे बदलून, नखांसकट साबणाने हात धुऊनच पिठाला हात लावावा. लाकूड जशी ओल शोषतं तशी हाताची पूडही धरून ठेवतं.

टाकायचं कधी?

प्लॅस्टिकच्या फळीवर चरे पडून ती खरखरीत झाली, की तिचं आयुष्य संपलं. ती भंगारात द्या. बंब पेटवायला किंवा चुलीत मात्र घालू नका, तो धूर घरातल्यांच्याच छातीत जातो. लाकडाचं तसं नाही. चरे पडले, डाग पडले तरी सुताराने रंधा मारला की खालून नवी कोरी फळी निघते. खोल भेग पडली, किंवा धुऊन-वाळवूनही काळी बुरशी आणि कुबट वास गेला नाही, तरच तिला निरोप द्यावा.

तेव्हा सगळंच प्लॅस्टिक फेका असं मी म्हणत नाही. मटणासाठी एक प्लॅस्टिकची फळी असू द्या आणि चरे पडले की बदला. पण आमटीत, कढईत आणि भाकरीच्या पिठाला लाकूडच बरं. माळ्यावरची काटवट एकदा खाली काढून बघा. भेग नसेल तर रंध्याची मजुरी आणि तेलाचा एक हात, एवढ्या खर्चात ती पुन्हा कामाला लागेल.