जायंट पेट्रेल: आधी चोच बघा
दक्षिण गोलार्धातल्या थंड समुद्रावर जायंट पेट्रेल असतो. पंखांचा पसारा साधारण 2 मीटर. मेलेल्या सीलवर, पेंग्विनवर तुटून पडतो. तिकडचं गिधाडच म्हणा ना! 1966 मध्ये त्याच्या दक्षिणी आणि उत्तरी अशा दोन प्रजाती वेगळ्या केल्या गेल्या. साउथ जॉर्जिया बेटावर तर दोन्ही वीण करतात.

फरक चोचीच्या टोकात आहे. दक्षिणीचं हिरवट, उत्तरीचं तांबूस-तपकिरी. कोवळे पक्षी दोन्हीकडे काळपटच, त्यामुळे नुसत्या पिसांवर जाऊ नका. (जवळजवळ पूर्ण पांढरा दिसला, तर मात्र तो दक्षिणीच.) गोची अशी, की मढं खाताना चोच रक्ताने माखते आणि हिरवट टोकही तांबडं दिसू शकतं. मग तो पाण्यात धुऊन येईपर्यंत थांबायचं. तेवढा वेळ नसेल, तर 'जायंट पेट्रेल, प्रजाती अनिश्चित' एवढंच लिहायचं. अशी नोंद वापरता येते. अंदाजाने टाकलेलं नाव पुढच्या माणसाचा नकाशा बिघडवतं.

कळमनुरीहून समुद्र लांब, पण सराव इसापूर धरणावर होतो. छोटा पाणकावळा आणि भारतीय पाणकावळा घ्या. नाव लिहिण्याआधी चोच कशी दिसली ते वहीत उतरवा: छोट्याची आखूड, भारतीयाची लांब नि बारीक.