कुंपणाबाहेरचा रोबो

जन्म : डेन्मार्कमधील ओडेन्स शहरात 2005 मध्ये ‘युनिव्हर्सल रोबोट्स’ कंपनी स्थापन झाली. पहिला रोबो-हात 2008 मध्ये विकला गेला. 2015 मध्ये अमेरिकेच्या ‘टेराडाइन’ने कंपनी विकत घेतली.

अंगकाठी : ‘यूआर-5’ या हाताचे वजन सुमारे 18 किलो. तो 5 किलोपर्यंत भार उचलतो आणि 85 सेंटिमीटरपर्यंत पोहोचतो. सांधे सहा.

शिकवणी : हात धरून हवा तसा फिरवायचा, जागा नोंदवायच्या; तो तेच काम पुन्हा पुन्हा करतो.

सुरक्षा : ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त जोर लागला की थांबतो, म्हणून माणसांपासून वेगळे ठेवणारे कुंपण सहसा लागत नाही. मात्र पंजात धारदार अवजार असेल, तर कुंपण लागू शकते. याबाबतचे ‘आयएसओ/टीएस 15066’ हे मार्गदर्शक 2016 मध्ये आले.

महाराष्ट्रात : बजाज ऑटोने 2010 मध्ये हे हात आणले. चाकणच्या कारखान्यात मोटारसायकल जोडणीत ते कामगारांच्या, त्यातही मोठ्या संख्येने महिलांच्या शेजारी काम करू लागले.

म्हसवडसाठी : मुंबई-बंगळूरू औद्योगिक कॉरिडॉरमधील वसाहत सातारा जिल्ह्यातील म्हसवड इथे प्रस्तावित आहे. कमी जागेत बसणारा आणि एका कामावरून दुसऱ्यावर हलवता येणारा हात लहान कारखान्यांनाही सोयीचा. तो चालवू शकणारे तरुण मात्र आधी तयार व्हायला हवेत.