ड्यूटीनंतरचा अभ्यास

जबलपूरच्या गढा भागात माझ्या घरी रविवारी सकाळी काही मुलंमुली येतात. मी इथल्याच गन कॅरेज फॅक्टरीतून चार्जमन म्हणून निवृत्त झालो. येणारी बहुतेक जण नोकरी सांभाळून शिकणारी: कुणी खमरियाच्या कारखान्यात कंत्राटी कामावर, कुणी मेडिकल कॉलेजजवळच्या खासगी इस्पितळात नर्स, कुणी त्रिपुरी चौकातल्या दुकानात हिशेबाला. "काका, यंदा करायचंच," असं प्रत्येक जण सांगतं आणि ते मनापासून असतं. मी एवढंच विचारतो: येत्या मंगळवारी कधी आणि कुठं बसून? इथं सगळी गप्प होतात.

हा प्रश्न मी कारखान्यात शिकलो. आमच्याकडे आयटीआय किंवा डिप्लोमा करून लागलेली पोरं शिफ्ट संपल्यावर एएमआयईची तयारी करत. इंजिनिअरांच्या संस्थेची ही परीक्षा, सेक्शन ए आणि सेक्शन बी अशा दोन टप्प्यांत, एकेक विषय सोडवत पुढं जायची. मीही ती दिली. जे तरले ते सगळे हुशार होते असं नाही. त्यांची बसायची जागा मात्र ठरलेली होती, आणि घरच्यांनाही ती ठाऊक होती.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी हेच प्रयोगातून दाखवलं. व्हेरोनिका ब्रँडश्टेटर यांच्यासोबतचा त्यांचा निबंध 1997 साली प्रसिद्ध झाला. नाताळची संध्याकाळ कशी गेली, हे विद्यार्थ्यांनी 48 तासांत लिहून पाठवायचं होतं. निम्म्यांना ते कधी आणि कुठं बसून लिहिणार हे आधीच ठरवायला लावलं. त्यांतल्या जवळजवळ तीन चतुर्थांश जणांनी वेळेत लिहिलं. बाकीच्यांत हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास राहिलं. इच्छा दोन्हीकडे होती.

आता आमच्याकडच्या नर्सबद्दल सांगतो. तिनं जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा केलाय, पुढं दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग करायचंय. पहाटे पाचला उठून अभ्यास, असं तिनं ठरवलं होतं. पण नाइट असली की पाचला ती वॉर्डात सलाइन बदलत असते. मग ठरवलेलं मोडतं, आणि मोडलं की आपल्यातच काही कमी आहे असं तिला वाटतं. मला याचा फार त्रास होतो. कमी तिच्यात काही नव्हतं. ते वेळापत्रक तिच्या आयुष्यासाठी बनलंच नव्हतं.

तिच्या स्वयंपाकघरात लाला रामस्वरूपचं पंचांग टांगलेलं आहे, आमच्या जबलपूरचं. महिन्याचा रोस्टर आला की ती त्याच्या चौकोनांत लाल पेनानं आपली पाळी लिहिते. घड्याळ तिनं सोडून दिलं. सकाळपाळी असेल तर घरी येऊन जेवण झालं की बसायचं. संध्याकाळपाळी असेल तर निघण्याआधी, आईनं कुकर लावला की. रात्रपाळी असेल तर झोपून उठल्यावर चहा झाला की. काय करायचं तेही मोघम नाही. 'ॲनाटॉमी वाचणे' असं ती लिहीत नाही. 'हृदयाची आकृती पुस्तक मिटून काढणे' असं लिहिते. ते झालं का, हे रात्री स्वतःला विचारता येतं. झालं की त्याच चौकोनात बरोबरची खूण. खाडा पडला तर चौकोन कोराच ठेवायचा, दुसऱ्या दिवशी दुप्पट अभ्यासाची शिक्षा नाही.

एकवीस दिवसांत सवय लागते, असं व्याख्यानांतून सांगतात. ते मनावर घेऊ नका. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर नजर ठेवली. एखादी गोष्ट आपसूक व्हायला सरासरी 66 दिवस लागले, आणि माणसागणिक हा आकडा 18 ते 254 असा वेगळा आला. मधे एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडलं नाही. बाविसाव्या दिवशी हात टेकणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगतो.

वय उलटून गेलं म्हणणाऱ्यांना मी गजानन माधव मुक्तिबोधांचं उदाहरण देतो. मराठी घरातला हा मोठा हिंदी कवी काही काळ आमच्या जबलपुरात हितकारिणी हायस्कूलमध्ये शिकवत होता. 1938 साली ते बी.ए. झाले. पुढं शाळा, वर्तमानपत्रं, सरकारी नोकरी, पैशांची कायमची ओढाताण. अशात सुमारे पंधरा वर्षांनी त्यांनी नागपूर विद्यापीठातून एम.ए. केलं, आणि 1958 साली राजनांदगावच्या दिग्विजय कॉलेजात प्राध्यापक झाले. कवी ते आधीच होते. कॉलेजच्या नोकरीला मात्र ती पदवी लागत होती.

पण कोणती पदवी, हे आधी नीट तपासा. एएमआयईचंच पाहा: 31 मे 2013 पर्यंत नाव नोंदवलेल्यांनाच ती सरकारी नोकरीत इंजिनिअरिंगच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. जुन्या माणसाचं ऐकून आज कुणी त्यात वर्षं घातली तर ती बढतीला कामी येणार नाहीत. म्हणून माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाला मी आधी भरतीचा किंवा प्रवेशाचा चालू नियम छापून आणायला लावतो, मगच वही उघडतो.

तुम्हीही यंदा काही ठरवलं असेल, तर आज जेवणानंतर कॅलेंडर खाली काढा आणि येत्या आठवड्याच्या चौकोनांत आधी नोकरीच्या वेळा लिहा. अभ्यासाची जागा त्यानंतर शोधा, आणि ती घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा.